ह्युमिलिटीचा वाक्यात उपयोग

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जुना म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो! छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता. पाठीवर सोनेरी अक्षरं, अंगाला शाईचा वास, आणि वजन असं की दुकानदार मला दोन्ही हातांनी उचलायचा.

एका सुताराने मला आपल्या लेकीसाठी विकत आणलं. तिला सगळे ठमी म्हणत. बाई वर्गात तिच्या इंग्रजीचं कौतुक करायच्या आणि मी दप्तरात फुगून बसायचो. पुढे घरात मोबाइल आला आणि माझी रवानगी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली झाली. त्या अपमानाबद्दल मी बोलणार नाही.

तिथून मला ठमीच्या आईने सोडवलं आणि घरात एक खेळ सुरू झाला. रात्री जेवताना मला उघडायचं, एक शब्द निवडायचा आणि प्रत्येकाने त्याचं वाक्य करायचं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या काकांची वाक्यं ऐकून हसता हसता जेवण गार व्हायचं.

पण एके दिवशी काकांची खुर्ची रिकामी राहिली. ठमीचे बाबा आणि काका, दोघे भाऊ सुतारकामाच्या एकाच दुकानात काम करत. बाबांनी एका दाराचं माप फरशी बसायच्या आधीच घेतलं. दार खाली अडकलं, आणि बाबांनी गिऱ्हाइकासमोर खापर फोडलं काकांवर. "दादाने कापताना घोळ घातला," म्हणाले. काका वरच्या खोलीत एकटे जेवू लागले आणि वेगळं दुकान थाटायचं ठरवून त्यांनी आपली हत्यारं बांधून ठेवली.

ते जाणार त्याच्या आदल्या रात्री जेवताना ठमीने मुद्दाम शोधून एक पान काढलं. "ह्युमिलिटी. म्हणजे नम्रता, मीपणा नसणे. बाबा, पहिलं वाक्य तुमचं."

"हात्तिच्या! माझ्याइतकी ह्युमिलिटी या घरात कोणाकडेच नाही."

आईला ठसका लागला. ठमी खो खो हसली. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांची नजर काकांच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. मग ताटावरून उठून जिना चढले. वरचं दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"दादा, माप माझंच चुकलं. फरशी विसरलो. गिऱ्हाइकालाही उद्या तसंच सांगतो. खाली चल ना जेवायला."

"मला तेव्हाच कळलं होतं, गाढवा! चल, भूक लागलीय."

दोघे खाली आले तशी ठमीने टाळी वाजवली. "बाबा, आता जमलं वाक्य!"

"अगं, पण त्यात तो शब्द कुठे होता?"

"नव्हता, म्हणूनच जमलं," आई म्हणाली आणि तिने काकांचं ताट वाढलं.

मित्रांनो, तो अर्थ मी इतकी वर्षं पोटात बाळगून होतो, पण त्याचा उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला इतका आनंद झाला की माझा तोराच उतरला! आम्हा कोशांना जपा. धूळ झटका, सुटलेलं पान चिकटवा. आणि अर्थ कळला की आम्हाला खुशाल मिटून ठेवा, पण ज्याच्याकडे जायला हवं, त्याच्याकडे आधी जा.