बेवारस भरतीचं गणित

धक्क्यावरचा लाल दिवा लागला आणि लाँचवाल्या भावोजींचं डोकं फिरलं. लाँचमध्ये माणसं बसलेली, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पायाशी बोचकं, आणि दिवा म्हणतो थांबा.

ते तरातरा बंदराच्या कचेरीत शिरले. "वहिनी, तुमच्या दिव्याला मोतीबिंदू झालाय का? भिंतीवरची पाण्याच्या मापाची फळी बघा. दांड्यावर हवं तेवढं पाणी आहे!"

वहिनी कचेरीतले संगणक सांभाळायची. भावोजी तिचे सख्खे दीर, पण सगळा धक्काच तिला वहिनी म्हणायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला. ओहोटीत त्यावर लाँचपुरतं पाणी उरेल की नाही हे तिचा प्रोग्रॅम सांगायचा आणि दिवा त्याप्रमाणे लागायचा. पण भरती-ओहोटीचं गणित तिचं नव्हतं. कुण्या परक्या माणसाने ते लिहून जगासाठी फुकट, मोकळं ठेवलं होतं. अशा तयार गणिताला हे संगणकवाले लायब्ररी म्हणतात. ज्याला हवी त्याने उचलावी, आपल्या प्रोग्रॅमला जोडावी. मात्र कित्येक वर्षांत त्या माणसाने आपल्या लायब्ररीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. वहिनीने निरोप धाडले, उत्तर नाही.

बंदराच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "ज्याला धनी नाही त्याच्या भरवशावर माणसं पाण्यात घालायची? ठेवायचं की काढायचं, आज काय ते ठरव."

तिलाही शंका होतीच. कचेरीत नवा संगणक आला आणि त्या सुमारापासून लायब्ररीचा आकडा फळीपेक्षा कमी यायला लागला. प्रोग्रॅम काही दुधासारखा नासत नाही. पण खालची जमीन हलली तर धड उभं घरही कलतं.

"जरा दम धरा, भावोजी."

"मी धरतो हो. ओहोटी धरेल का?"

तिने आठवड्याभराचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि बघतच राहिली. फरक होता, पण भरतीला जेवढा तेवढाच ओहोटीला. वीतभर म्हणजे वीतभर. गणित बिघडलं असतं तर चूक कधी फुगली असती, कधी ओसरली असती. ही चूक जागची हलत नव्हती. मग हललं काय? रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूवर कोण संशय घेतो? ती उठली आणि थेट धक्क्यावर गेली. भावोजी मागोमाग.

तिचा नवरा बंदराचा सुतार. तिथेच एका बाकाचा पाय तासत बसला होता.

"अहो, संगणक आला त्याच सुमाराला तुम्ही मापाची फळी रंगवलीत, ती होती तिथेच लावलीत ना?"

"नव्या नवरीसारखी दिसतेय की नाही?"

"होती तिथेच?"

"जुनी भोकं रुंदावली होती, खिळा धरेना. म्हणून वीतभर खाली ठोकली." त्याने मान वर केली. "फळी तर तीच ना!"

भावोजींनी भिंतीकडे पाहिलं. फळीच्या वर गंजाचे जुने डाग स्पष्ट दिसत होते. "वा रे दादा! घरबसल्या खाडीला पाणी वाढवलंस!"

हसले खरे, पण त्यांचा चेहरा उतरला होता. फळी नवी झाल्यापासूनची ही पहिली मोठी ओहोटी. "तरी वहिनी, आपल्या भिंतीपेक्षा तो परका खरा? खात्री आहे?"

खात्री कुठली असायला? पण लाँचमधली माणसं तिच्याकडे बघत होती. "उतरवा सगळ्यांना," ती म्हणाली. "दिवा लालच राहील."

माणसं कुरकुरत उतरली. एक बाई म्हणाली, "पाणी आहे आणि लाँच नाही, असं कुठं असतं का!"  वहिनी खाडीकडे तोंड करून उभी राहिली.

वारा पडलेला होता. अमावास्या असल्याने चंद्र आकाशात असूनही दिसत नव्हता. कुणी ढकलत नसताना पाणी मागे सरत होतं. मग खाडीच्या तोंडाशी पाण्यावर एक सुरकुती उमटली. सुरकुतीची रेघ झाली आणि रेघेखालून ओली वाळू वर आली, एखाद्या अजस्र जनावराने झोपेतच पाठ वर काढावी तशी. वहिनीने हातातला फोन पाहिला. लायब्ररीने सांगितलेली वेळ नेमकी भरत होती.

 मघाच्या बाईने पोराला उचलून दांडा दाखवला. भावोजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "माणसं बसवून मी तिथे असतो आत्ता," ते हळूच म्हणाले.

दुपारी वहिनीने ती लायब्ररी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, चंद्र जवळ आला की वेगळी, दूर गेला की वेगळी, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. ज्याने ही खाडी कधी पाहिली नसेल त्याने हे कुठल्याशा खोलीत बसून लिहून ठेवलं होतं. 

"मग? काढायचं?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पण बेवारसही ठेवायचं नाही. गणित आज खरं निघालं, तरी उद्या संगणक बदलले की मोडेल, आणि दुरुस्तीला कुणी येणार नाही. म्हणून आजपासून ती दुरुस्ती माझी. दर महिन्याला नीट बसवलेल्या फळीशी ताडून बघेन. आणि ज्या ज्या बंदरांनी हे घेतलंय त्यांना कळवते, की आता विचारायला कुणीतरी आहे."

साहेबांनी त्या पत्रासाठी कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिही माझंही नाव खाली. चुकलं तर एकटीच्या गळ्यात नको."

ती बाहेर आली तेव्हा पाणी परतत होतं. नवरा मुकाट्याने फळीचे खिळे उपटत होता.

"वहिनी, तो गणितवाला असेल का हो अजून?" भावोजींनी विचारलं.

"देव जाणे."

"असला तर त्याला सांगा, इथे एक लाँच अजून तरंगतेय." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि फळीकडे न बघता दिव्याखाली जाऊन उभे राहिले, तो हिरवा व्हायची वाट बघत.