एकशे पस्तीस पौंडांची माणसं

मित्रांनो, मी लोखंडी वजनकाटा आहे, आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. माझ्या फळीवर उभं राहायचं, दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, दांडी अधांतरी स्थिरावली की आकडा वाचायचा. एवढंच माझं काम. ते मी आयुष्यभर मन लावून केलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. जहाजातून मी फिजीतल्या सावुसावूच्या धक्क्यावर उतरलो आणि थेट खोबऱ्याच्या गोदामात कामाला लागलो. पोत्यांमागून पोती चढायची आणि उतरायची. पुढे खोबऱ्याचे भाव पडले, गोदामाला कुलूप लागलं. भंगारवाला मला न्यायला येणार, तेवढ्यात विलिकेसामामा हातगाडी घेऊन आले. ते गावातला मुष्टियुद्धाचा क्लब चालवत. त्यांनी माझे सांधे घासले, तेल पाजलं आणि मला रिंगशेजारी उभं केलं. त्या दिवसापासून माझ्यावर माणसं चढू लागली. मेलेल्या पोत्यापेक्षा श्वास घेणारा माणूस तोलणं किती वेगळं असतं, ते मला तेव्हा कळलं.

आमचा क्लब एकाच वजनगटासाठी ओळखला जाई. लाइटवेट, म्हणजे एकशे पस्तीस पौंडांच्या आतला. फिजीत माणसं हाडापेरानं मोठी. एवढ्याशा वजनाच्या गड्याला रग्बीच्या संघात कोण घेणार? मग ही सडपातळ मंडळी आमच्याकडे येत. मामा त्यांना सांगत, "मोठा माणूस नुसता अंगावर पडला तरी जिंकतो. तुम्हाला डोकं वापरावं लागेल."

त्यांतले दोघं माझे फार लाडके. सैलोसी मासेमार होता. अपेनिसा लंबासाच्या रस्त्यावर बस चालवायचा. दोघं आतेमामेभाऊ, आणि आमच्याकडे आतेमामेभावांना एकमेकांची टर उडवायचा जन्मसिद्ध हक्क असतो.

"अरे, बाजूला हो, काट्याला तुझ्या माशांचा वास लागेल," अपेनिसा म्हणायचा.

"लागू दे. तुझी बस घाट चढेपर्यंत जाईल तो वास," सैलोसी उत्तर द्यायचा.

एका वर्षी उत्तर बेटाच्या किताबासाठी या दोघांचीच गाठ पडली. लढत संध्याकाळी होती. सकाळी वजन करायला सगळं गाव जमलं. अपेनिसा चढला, दांडी स्थिर झाली, टाळ्या पडल्या. मग सैलोसी चढला. दांडी वर जाऊन खट्कन आपटली. एक पौंड जास्त! आदल्या दिवशी बहिणीच्या लग्नात त्याला जेवणाचा आग्रह मोडवला नव्हता. त्यानं पुन्हा श्वास सोडून पाहिलं. मी तरी काय करणार? मला खोटं बोलता येत नाही.

पंच म्हणाले, "तासाभरात वजन उतरलं तर ठीक. नाहीतर किताब अपेनिसाचा. लढतीची गरजच नाही."

अपेनिसाच्या गावकऱ्यांनी आरोळी ठोकली. सैलोसी माझ्या फळीवर मान खाली घालून उभा होता.

अपेनिसा पुढे आला आणि त्याचा दंड धरून म्हणाला, "उतर खाली. चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? गरम झऱ्यांवर. माझा लोकरीचा अंगरखा घाल आणि पळ माझ्या मागं."

मामा मागून ओरडले, "अरे अपेनिसा, शुद्धीवर आहेस का? तुझ्या हातात आलंय ते!"

तो थांबला नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. पण झऱ्यांवरच्या बायकांनी ते इतक्यांदा सांगितलं, की मला ते पाहिल्यासारखंच आठवतं. किनाऱ्यावरच्या त्या उकळत्या झऱ्यांत गावातल्या बायका दालोचे कंद शिजवतात. अपेनिसानं सैलोसीला ताडपत्रीत गुंडाळलं आणि पातेल्यांच्या रांगेत वाफेत घाम गाळत बसवलं.

एका म्हातारीनं विचारलं, "का रे, हा शिजला की नारळाचं दूध घालायचं का?"

"नको आजी," अपेनिसा म्हणाला, "हा नुसता मिठावरच संपवायचाय मला. संध्याकाळी."

तास संपता संपता दोघं धापा टाकत परत आले. सैलोसी माझ्यावर चढला. दांडी हलली, डुलली आणि स्थिर झाली. मित्रांनो, किती पोती तोलली, किती माणसं तोलली, पण तेवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

संध्याकाळी ते दोघं असे लढले, की जणू सकाळी काही घडलंच नव्हतं. कुणी हात आखडता घेतला नाही. शेवटच्या फेरीत अपेनिसाच्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला. सैलोसी गुणांवर जिंकला. पुढे तो राजधानी सुवापर्यंत गेला, देशाचा किताब आणला आणि वर्षानुवर्षं राखला. अपेनिसाचा तो डोळा मात्र अधू राहिला. डॉक्टरांनी त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरू दिलं नाही. बसची नोकरीही सुटली. तो रताळी आणि ज्याच्या मुळांचं पेय करतात ती यंगोनाची झुडपं लावून राहिला.

दिवस सरले. विलिकेसामामा गेले. क्लबात आकडे चमकवणारा विजेचा काटा आला आणि मला मागच्या पडवीत ठेवलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मी तक्रार करत नाही. पण कुणी पाय ठेवेल म्हणून मी वाट पाहत असे, हे खरं.

मग वादळ आलं आणि क्लबाचं छप्पर घेऊन गेलं. गावानं नवी इमारत उभी केली; मी होतो ती मागची पडवी तेवढी तशीच राहिली. आता क्लब मेरेओनी चालवते. ती स्वतः याच वजनगटात दक्षिण पॅसिफिकचं पदक जिंकून आलेली. तिनं ठरवलं, नव्या भिंतीवर आपल्या सर्वश्रेष्ठ लाइटवेटांची नावं क्रमानं रंगवायची.

त्यासाठी दुपारी सगळे पडवीतच बसले. मध्ये यंगोनाचं पातेलं, करवंटी हातोहात फिरत होती. कुणी म्हणालं, जिंकलेल्या लढती मोजा. कुणी म्हणालं, हरवलं कुणाला ते बघा. आवाज चढले. पण पहिल्या नावावर सगळ्यांचं एकमत होतं, सैलोसी.

"माझं नाव वर लिहिलंत तर मी स्वतः खरवडून काढीन," सैलोसी म्हणाला. त्याचे केस पांढरे झाले होते. "पहिला अपेनिसा. त्यानं मला झऱ्यांपर्यंत पळवलं नसतं, तर तुम्हाला माझं नाव तरी ठाऊक असतं का?"

मेरेओनीनं अपेनिसाकडे पाहिलं. तो रागानं लाल झाला होता.

"मला भीक घालतोस?" तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर मी हरलो. आता भिंतीवर खोटं लिहून घेऊ?"

"खोटं कसं? तुझं मन मोठं होतं—"

"मन कसलं मोठं! मला तुला हरवायचं होतं. काट्यानं तुला हरवलं असतं, तर मला काय मिळालं असतं? घरी नेऊन काट्याचा मुका घेतला असता?" लोक हसले, पण तो हसला नाही. त्याचा आवाज खाली आला. "माझा डोळा गेला सैलोसी, त्याचं मला दुःख नाही. आमच्या वजनात जन्माला आलेल्या सर्वांत मोठ्या गड्याशी मी शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिलो. एवढी एकच कमाई आहे माझी. तू पहिला नसशील, तर मग मी हरलो तरी कुणाकडून? तेवढं काढून घेऊ नकोस."

सैलोसीनं भरलेली करवंटी दोन्ही हातांनी भावापुढे धरली. अपेनिसानं आमच्या रीतीप्रमाणे टाळी वाजवून ती घेतली आणि एका दमात रिकामी केली.

भिंतीवर पहिलं नाव सैलोसीचं लागलं, दुसरं अपेनिसाचं. मेरेओनी स्वतःचं नाव लिहायला लाजत होती. तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी तिच्या हातातला कुंचला घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत तिसरं नाव लिहिलं.

त्या दिवशी निघताना मेरेओनीनं माझ्याकडे पाहिलं. "हाच तो काटा ना?" तिनं विचारलं. दुसऱ्या सकाळी तिनं माझा गंज काढला आणि मला आत नेलं. आता नव्या मुली आणि मुलं सरावाआधी माझ्यावर चढतात. मी त्यांना खरं वजन सांगतो.

मित्रांनो, कोण श्रेष्ठ यावर तुम्हीही खुशाल भांडा. त्यात मजा असते. फक्त पहिल्याचा जयजयकार करून झाला, की त्याच्याशी लढलेल्याच्या घरीही जा, चार शब्द बोला. आणि अडगळीत एखादी जुनी वस्तू दिसली, तर फेकण्याआधी तिला तेलाचं एक बोट लावून पाहा. आम्हाला फार काही नको असतं. मला तर मागण्याआधीच सगळं मिळालं. केवढी मोठी माणसं मी अंगावर वागवली, आणि ती मला कधी जड झाली नाहीत.