न फुटलेली गोळी

संघातली पोरं मला आजी म्हणतात. वर सांगतात, "आजी, झुडपात झोपू नका हं, घोरलात तर सापडाल." हसू देत बापडी. पेंटबॉलच्या खेळात आरडाओरडा करत रंगाच्या गोळ्या उधळणारे ढीगभर असतात. पोटावर पडून राहायचं, गोचीड चावली तरी हलायचं नाही आणि एकाच गोळीत समोरच्याला गार करायचं, हे ओक्लाहोमाच्या आमच्या रानात माझ्याइतकं कुणाला जमत नाही. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही.

पूर्वी होती एक. माझी धाकटी बहीण ट्वायला. हे काम खरं तर जोडीनं करायचं असतं. ती दुर्बिणीतून बघायची, मी नेम धरायची. दिवसभर एकाच झुडपात खांद्याला खांदा लावून पडायचो आणि कुजबुजत अख्ख्या गावाची उणीदुणी काढायचो.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी मला एक गोळी लागली, पण फुटली नाही. दमट हवेत गोळ्या नरम पडतात, अंगावर आपटून उडून जातात. रंग लागला नाही तर माणूस मेला नाही, हा नियम. मी खेळत राहिले. ट्वायलानं मात्र गोळीचा आवाज ऐकला होता आणि माझी बाही ओढ्याच्या पाण्यानं ओली होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "वर्नानं रंग पुसला." आमच्यात एक वेळ चोर म्हटलेलं चालतं, रंग पुसला म्हटलेलं नाही. आणि मी पडले नाकावर माशी बसू न देणारी. सख्ख्या बहिणीला काय पुरावे द्यायचे? मी एक शब्द बोलले नाही. ती दुसऱ्या संघात गेली. आता गावात मी समोर आले तर ती औषधांच्या दुकानात शिरते.

तेव्हापासून मी एकटीच पडते झुडपात. बरं नाही वाटत, उगाच खोटं कशाला बोलू?

या जूनमध्ये आमचा कॅप्टन बॉयड यानं मला ओढ्यावरचा पूल राखायला बसवलं होतं. भोंगा होईपर्यंत पूल आमच्याकडे राहिला की सामना आमचा. गवताचा झगा पांघरून मी पडून होते. पुलावर येणाऱ्यांना एकेक करून टिपलं, पण मी कुठे आहे ते कुणाला कळलं नाही.

दुपार कलली आणि खांद्यावर फाडकन गोळी बसली. पलीकडच्या देवदारामागून आली होती. मी कशी आणि कुठे लपते हे जगात एकाच बाईला ठाऊक आहे. खाली पाहिलं तर गोळी गवतात तशीच पडलेली, अख्खी.

नियमानं मी जिवंत होते. गप्प पडून राहिले असते तर पूल राखला असता. पण गोळी लागलेली ट्वायलानं पाहिली होती. मी उठले नाही तर पुन्हा रंग पुसला असंच ती म्हणणार, आणि मग ती मरेपर्यंत माझी होणार नाही. खड्ड्यात गेला बॉयडचा पूल. मी उभी राहिले, हात वर केला आणि ओरडले, "रंग तपासा!"

आमच्याकडे पंच थोडे. जो जवळ असेल तो येऊन तपासतो, मग तो समोरच्या संघाचा का असेना. ट्वायलाच आली. तिनं माझ्या झग्याचं गवत बाजूला सारून पाहिलं, पाठ पाहिली, मानेवरून हात फिरवला. तिनं संध्याकाळपर्यंत तपासत राहावं असं वाटत होतं.

"काही नाही. साफ आहेस," ती म्हणाली आणि आपल्या जागी परत गेली.

तपासणारा परतला की खेळ पुन्हा सुरू. आता माझी जागा सगळ्यांना कळली होती. चहूबाजूंनी अशा गोळ्या आल्या की मी नखशिखांत पिवळी झाले. मेले, हात वर केला आणि बाद झालेल्यांच्या तळाकडे चालू लागले. वाट तिच्या देवदाराशेजारूनच जात होती. ती आडोसा सोडून वाटेवर आली.

"वर्ना, तेव्हाही असंच झालं होतं का?"

मेलेल्यानं बोलायचं नसतं. त्याच्या एका शब्दानं दुसऱ्याची जागा फुटू शकते, म्हणून मेल्यावर बोलणारा आणि रंग पुसणारा आमच्या लेखी सारखेच. मी आजवर हा नियम मोडलेला नाही, आणि तिच्यासमोर मोडायचा? हात वर ठेवून मी तिच्या शेजारून निघून गेले. भोंगा झाला की सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

भोंगा झाला, सामना आम्ही हरलो. मी तिला सगळीकडे शोधलं. शेवटी बॉयड म्हणाला, "ट्वायला मघाशीच गेली, आजी. म्हणाली, मी विचारलं तर वर्ना याही वेळी गप्पच राहिली."

मेलेल्यानं बोलायचं नसतं हे तिलाही पाठ होतं. तरी तिनं विचारलं, यातच मला काय ते कळायला हवं होतं. मी बॉयडला नियम समजावू लागले, पण ऐकायला हवं होतं ते त्यानं नव्हे.