एका जातीची टाकी

यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा. ठेवलात तर हातातली ही तांबडी वाइन घशाखाली उतरायची नाही. तेव्हा आधी एक घोट घ्या, मग ऐका.

तर जावई. सासऱ्याच्या डोंगरउतारावरच्या सबंध मळ्यात काळ्या द्राक्षांची एकच जात, आणि वाइन करायची ती तिचीच. तळघराच्या किल्ल्या देताना म्हाताऱ्याने लेकीदेखत बजावलं होतं, "परका एक मणी जरी पडला तरी टाकी गटारात आणि जावईबापू तुम्ही रस्त्यावर!" बायकोने बापाकडे बघून मान डोलावली. तिचं ते मान डोलावणं जावयाच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्याने घड देठावरून सोडवले, चेचले, सिमेंटच्या उघड्या टाकीत भरले. रस आंबून खदखदायला लागला, साली वर येऊन त्यांचा हातभर जाड थर बसला. टाकीवर टाकलेल्या फळीवर उभं राहून जावई लांब दांड्याच्या दट्ट्याने तो थर खाली दाबायचा. थर वर यायचा, हा पुन्हा दाबायचा. काळ्या द्राक्षाचा रस मुळात पांढुरकाच. रंग सगळा सालीत, आणि साल तो सुखासुखी सोडत नाही.

पण हे मेहुण्याला कोण सांगणार? बायकोचा हा धाकटा भाऊ अंगाने रेडा आणि अकलेनेही तोच. पेलाभर रस उजेडात धरून तो ओरडला, "ही वाइन की कुणी चूळ भरलेलं पाणी? भावजी, आमच्या बापाचं नाक कापणार तुम्ही!"

आणि भर दुपारी तो शेजारच्या मळ्यातल्या परक्या द्राक्षांचा क्रेट खांद्यावर घेऊन फळीवर चढला. त्या जातीचा रसच शाईसारखा.

"खाली ठेव."

"सरका भावजी, जरा रंग आणतो तुमच्या संसाराला."

जावयाने दट्ट्या फिरवला तो थेट गुडघ्यावर. हाड असं कडाडलं की बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवरचे चिमटे उडाले. क्रेट मागे फरशीवर आदळला, दोनचार घड तेवढे फळीवर सांडले. मेहुण्याने मुंडी खाली घालून ढुशी दिली, जावयाच्या नाकाचा चेंदामेंदा झाला, तोंडातून तीन दात बाहेर पडले आणि भिंतीत रुतले. हसू नका, भोकं अजून आहेत! डोळ्यांत रक्त उतरलं, तरी जावयाची नजर टाकीवरच. मेहुण्याने मूठभर मणी उचलून टाकीकडे भिरकावले. जावयाने ते हवेतच तोंडात झेलले आणि बियांसकट गिळले. मग दट्ट्याचा दांडा मेहुण्याच्या बरगड्यांत मोडला. मग फळी मोडली. दोघे धाडकन सालींच्या थरावर, आणि थर एवढा जाड की गादीवर पडावं तसे दोनदा उडाले. आंबलेल्या रसाचा वायू नाकात गेला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेहुण्याने एका हाताने जावयाचा गळा आवळला. दुसऱ्या मुठीत शेवटचा परका घड होता. मूठ उघडली की संसार संपला! जावयाने त्याचा डावा कान दातांत धरला आणि मुळासकट उपटला. मेहुणा असा उसळला की घडासकट टाकीबाहेर. कानसुद्धा जावयाने काठापलीकडेच थुंकला. वाइन एका जातीची राहिली पाहिजे ना!

तीच ही, तुमच्या पेल्यातली. परका थेंब म्हणून नाही हिच्यात.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा धिप्पाड गडी पेला ठेवून उठला.

"आजोबा, तो मेहुणा मी. हे बघा, कान दोन्ही जागेवर आहेत. भावजींनी जन्मात डाससुद्धा मारलेला नाही. ते घरी जेवून घोरत पडले होते, तेव्हा सबंध क्रेट मी टाकीत ओतला, आणि अडवायला तिथं काळं कुत्रं नव्हतं!"