जिथली घटना, तिथली तारीख

सत्याचा आग्रह धरणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु तो आग्रह दुसऱ्याच्या आठवणीवर लादला आणि स्वतःच्या इच्छेपुढे सैल सोडला, तर त्याला सत्यनिष्ठा म्हणावे की हट्ट, हे ठरवणे अवघड होऊन बसते. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मोरेश्वरकाकांवर हा विचार करण्याची वेळ आली, ती आजोबा होण्याच्या दिवशी.

निवृत्तीनंतर काकांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष पाठवण्याचे व्रत घेतले होते. आजच्या तारखेला कोण जन्मले, कोण निवर्तले, कोणता गड कोणी सर केला, हे वाचल्यावाचून कित्येकांना चहा गोड लागत नसे; न वाचताच जोडलेल्या हातांचे चित्र पाठवणारे वेगळे. काकांचा दंडक एकच होता: घटना जिथे घडली, तिथलीच तारीख.

या दंडकापायी गेल्या जुलैत प्रतापरावांचा पाणउतारा झाला. प्रतापराव म्हणजे काकांचे या देशातले सर्वांत जुने स्नेही. आल्या आल्या दोघे एकाच खोलीत राहिलेले. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी प्रतापरावांनी लहानपणी नागपुरात, शाळेला निघताना, रेडिओवर ऐकली होती. ग्रुपवर त्यांनी सहज लिहिले, "एकवीस जुलैची ती सकाळ अजून आठवते." काकांनी सर्वांदेखत उत्तर दिले, "वीस जुलै. आठवण हा पुरावा नव्हे." घटना चंद्रावर घडली, तर चंद्रावर कोणती तारीख चालते, हे विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. प्रतापरावांनी ग्रुप सोडला, आणि शनिवारी सकाळी काकांबरोबर फिरायला येणेही.

यंदा सून नेत्राचे बाळंतपण जुलैतच आले. शस्त्रक्रिया करावी लागणार होती; डॉक्टरांनी दोन-तीन तारखा सुचवल्या.

"तेवीस!" काका म्हणाले. "लोकमान्यांचा जन्मदिवस. चंद्रशेखर आझादांचाही."

"बाबा, बेबी आहे, मंडळाचा प्रोग्रॅम नाही," नेत्रा म्हणाली. पण सासऱ्यांचा चेहरा पाहून तिने होकार दिला. काकांनी तेवीसचा दिनविशेष लगेच लिहून काढला आणि शेवटी एका ओळीची जागा राखली.

नातीने तो वाचला नसावा. बावीसलाच कळा सुरू झाल्या आणि दुपारी दोन वाजता ती या जगात आली.

काकांनी तिला पाहिले, डोळे पुसले, आणि मग तारीख आठवून थोडे खिन्न झाले. तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा, शैलजाचा, फोन आला. "दादा, अभिनंदन! आमच्याकडे बारा वाजून गेलेत. तेवीस लागली की रे!"

काकांचा चेहरा उजळला. ते हॉस्पिटलच्या खिडकीशी उभे राहून टाइप करू लागले.

"काय लिहिताय एवढं?" शोभनाकाकूंनी विचारले.

"नातीचा जन्म. भारतीय वेळेनुसार, तेवीस जुलै."

"अस्सं? आणि प्रतापभाऊजींनी भारतीय वेळेनुसार रेडिओ ऐकला, तो गुन्हा होता वाटतं?"

काकांचा अंगठा जागच्या जागी थांबला. काकूंनी आपल्या फोनवर दोन ओळी टाइप केल्या. त्या बाळाचे दुपटे सारखे करू लागल्या. टाइप केलेले पुसून काकांनी वर्षभर न लावलेला नंबर लावला.

"प्रताप, तुझी एकवीस तारीख बरोबर होती रे."

पलीकडून आवाज आला, "नातीला तेवीस हवीय म्हणून ना? वहिनींचा मेसेज आलाय मला, मोऱ्या."

"हवी होती. आता मागत नाही."

"मागूनही मिळायची नाही यार! पंचांगात दिवस बदलतो सूर्योदयाला. पुण्यात अजून बावीसचाच दिवस चाललाय. मी रेडिओ ऐकला, तेव्हा मात्र नागपुरात लख्ख उजाडलं होतं."

सर्व बाजूंनी हरलेले काका मोकळेपणी हसले. "येतोस?"

"निघालोच. पण आधी ग्रुपवर लिही."

काकांनी लिहिले: "माणूस चंद्रावर उतरला: शिकागोत वीस जुलै, नागपुरात एकवीस. दोन्ही खरे. प्रतापची मी क्षमा मागतो. आज, बावीस जुलै: आमच्या नातीचा जन्म." लगोलग जोडलेल्या हातांची रांग लागली. वाचले किती जणांनी, देव जाणे.

त्या बालिकेला तिचा दिवस तिच्याच कर्तृत्वाने उजळण्याइतके आयुष्य लाभो. आणि त्या दोघा स्नेह्यांना अनेक शनिवारच्या सकाळी, कोणत्याही तारखेच्या.