अपोंडीनं गोळ्या का सोडल्या

घरात गोळ्यांची बाटली दिसली की आपण लगेच विचारतो, "कोणाला काय झालंय?" मंडळी, या एका प्रश्नानं आमच्या सरोवरकाठी एका घराची माती केली.

पिलिस्ता ओमेना, म्हणजे बोटाएवढी सुकी मासळी, विकायची. तोंडानं फटकळ, पण सुनेवर जीव. मुलगा ओगोला होडीवर असायचा. ओमेना अंधाऱ्या रात्रीच दिव्याला भुलते, म्हणून चांदणं पडलं की मगच गडी घरी यायचे. बाकीचे दिवस बेटावर. तिथं ओगोलाचं कोणी आहे हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

त्याची बायको अपोंडी शहाणी. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या तिनं दवाखान्यातून आणल्या आणि पिठाच्या डब्यामागं ठेवल्या. एकदा पीठ काढताना बाटली पिलिस्ताच्या हाती लागली. तिचा थोरला मुलगा गेला तेव्हा त्याच्या उशाशी अशीच बाटली होती.

"कधीपासून आहे तुला हे?"

"आई, मला काही झालेलं नाही."

"मग हे काय, शेंगदाणे आहेत?"

अपोंडीनं बाटली परत डब्यामागं ठेवली. 'तुमच्या लेकाचा भरवसा नाही म्हणून घेते,' असं सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पिलिस्तानं आरडाओरडा केला नाही. फक्त सुनेचा कप वेगळा ठेवला. शेजारणीनं तो पाहिला, मग काय! जाळ्यांवर मासळी पसरताना बायका म्हणाल्या, "बाई, आमच्या ताटातल्या उगालीला हात लावू नकोस हं, घरात लहान पोरं आहेत." त्याच संध्याकाळी अपोंडीनं सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. पुढं चांदणं पडलं आणि ओगोला घरी आला.

काही महिन्यांनी अपोंडीला दिवस गेले म्हणून तपासणी झाली. सासू बाहेर बसली होती. अपोंडीच नर्सला म्हणाली, "आईंनाही आत बोलवा."

नर्स बेरिलनं एचआयव्ही झाल्याचा निकाल सांगितला आणि हळूच विचारलं, "मागं तर तुला काही नव्हतं. गोळ्या का सोडल्यास गं?"

"काही नव्हतं?" पिलिस्ता म्हणाली. "आजारी होती ना ही?"

"नव्हती, मावशी. आजार लागू नये म्हणून घेत होती. आणि आजारी असती, तरी कपातून का हा रोग लागतो?"

"मग मला सांगितलं का नाहीस, पोरी?"

"काय सांगू, आई? तुमच्याच लेकापासून वाचायचंय म्हणून?"

पिलिस्ता म्हणाली, "एका मुलाला रोगानं नेलं. हिला तर मीच ढकललं!"

"औषध चुकवलं नाही तर ही जगेल, बाळही सुखरूप राहील," बेरिल म्हणाली. "ओगोलालाही घेऊन या. पण आता हिच्या गोळ्या जन्मभर."

मंडळी, जी बाई स्वतःला जपते तिला रोगी ठरवू नका, आणि तिच्याकडून जाबही मागू नका. लाजेपायी सुटलेली गोळी कोणालाच वाचवत नाही.

दुसऱ्या दिवशी पिलिस्ता होडीवर जाणाऱ्या धाकट्या मुलाच्या नव्या बायकोला हाताला धरून गोळ्यांसाठी दवाखान्यात घेऊन निघाली. पोरगी घाबरली. "आई, लोक विचारतील."

"विचारू देत. सांग, सासूनं आणून दिल्यात."

अपोंडी दारात उभी राहून ऐकत होती. हे एवढंच वाक्य तिला हवं होतं, वेळेवर. ती आत गेली आणि हुंदका दाबून खूप रडली.