क्रेनवरचा 'इंच'

मित्रांनो, मी एक जुने इंग्रजी क्रियापद आहे. माझे नाव 'इंच'. तुम्ही मला फूटपट्टीवर पाहिले असेल, पण तिथे मी नाम असतो, नुसता पडून. माझे मूळ लॅटिनमधले. तिथे त्या शब्दाचा अर्थ बारावा हिस्सा. पुढे इंग्रजांना तसूतसूने सरकण्यासाठी शब्द हवा होता आणि त्यांनी मलाच चालायला लावले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला आहे, कारण जिथे घात होऊ शकतो तिथेच मला बोलावतात.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मी विलायती यंत्रांसोबत आलो. "इंच करो" म्हटले की क्रेनचालक नीळकंठराव बटण जरासे दाबून लगेच सोडत आणि भार केसभर उतरे. खालून खुणा करायचे ते प्रभाकर, कारखान्याच्या टाउनशिपमधले त्यांचे शेजारी. क्रेनवाल्याने खालच्या एकाचेच ऐकायचे, हा तिथला नियम.

एकदा ट्रान्सफॉर्मरचे झाकण बसवत होते. झाकणाखालची रबराची पट्टी सरकली म्हणून प्रभाकरांनी ती नीट करायला उजवा हात घातला आणि झाकणाची कड त्यांच्या बोटांवर टेकली. एकच गलका उडाला. कॉलनीत कोणाच्याही घरी जाऊन सल्ला द्यायची सवय सगळ्यांना, इथेही तेच. "उठाओ!" "अरे, रुको!" "पीछे लो!" नीळकंठरावांना दरदरून घाम फुटला. एक हिसका बसला असता तर झाकण हेलकावले असते आणि बोटे गेली असती. ज्याचे ऐकायचे, तोच अडकलेला!

इतक्यात प्रभाकरांनी मोकळा डावा हात वर केला. अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. ती माझी खूण.

"नीळकंठराव, वर! इंच!"

बटण दाबले, सोडले. पुन्हा दाबले, सोडले. हात मोकळा झाला. बोटे काळीनिळी पडली, पण शाबूत राहिली.

संध्याकाळी प्रभाकर हाताला पट्टी बांधून नीळकंठरावांच्या क्वार्टरवर आले. नीळकंठरावांच्या पत्नी सुमित्रावहिनींनी चहा दिला. नीळकंठरावांच्या हातातली कपबशी वाजू लागली.

"इंच करा, नीळकंठराव," प्रभाकर हसून म्हणाले, "सांडेल."

तेव्हा कुठे नीळकंठरावांना रडू फुटले.

आता नव्या क्रेन रिमोटवर चालतात, माझे नाव क्वचितच निघते. त्याचे वाईट वाटते, पण काळजी वाटते ती तुमची. तुम्ही सदा घाईत असता. मित्रांनो, काही उतरवताना, ढकलताना, साधे दार लावतानाही मला आठवा. पलीकडे कोणाचा तरी हात असतो.